माह्या घरच्या विटा

आमच्या कुसुमआत्याला लग्नाला बोलवायचं की नाही, यावर आमच्या घरात पत्रिका छापायच्या आधी एक बैठक व्हायची. बोलवायचं हेच शेवटी ठरायचं, कारण हार, गजरे, मांडवाची फुलं सगळं तिच्याकडूनच येत असे. पण तिला कुणाशेजारी बसवायचं आणि कुणाशेजारी मुळीच बसवायचं नाही, हे आधी पक्कं करावं लागे. आत्या भांडखोर नव्हती. रुसणारी तर मुळीच नव्हती. तिची खोड एकच. नवीन माणसाशी ओळख झाली, की नमस्कार करून ती सांगायची, "मी कुसुम. अकोल्याची. आमच्या चौकात दगडफेक झाली होती पाहा, त्यातल्या विटा माह्या घरच्या होत्या."

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात तिने हे थेट माझ्या व्याह्यांना सांगितलं. व्याह्यांच्या हातात गुलाबजामची वाटी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी पंख्याकडे पाहिलं. जेवणं झाल्यावर विहीणबाईंनी हळूच विचारलं, "तुमच्या आत्यांचा विटांचा धंदा आहे का?" मी म्हटलं, "हो, छोटासा." माझी मुलगी ज्या घरात नांदते तिथे माझ्या आत्याची वीटभट्टी आहे असा समज कितीतरी दिवस होता.

खरं तर आत्याचा धंदा फुलांचा. मोर्णा नदीच्या काठाला तिच्या सासरचा मळा. झेंडू, शेवंती, गलांडा, थोडा गुलाब, थोडा मोगरा. यजमान लवकर गेले, तेव्हापासून मळा तिनेच पाहिला आणि गोपाल, तिचा एकुलता एक, तिनेच वाढवला. सकाळी जठारपेठेत टोपली घेऊन बसायची, दुपारनंतर घरच्या ओट्यावर हार करायची. हातांकडे कधी पाहायची नाही. डोळे रस्त्यावर, तोंड चालू आणि बोटं आपलं काम करत असायची. माणसांची पारख ती फुलांवरून सांगे. माझ्या एका जावेबद्दल म्हणाली होती, "बाई गलांड्यासारखी हाय वं. टिकते खूप, वास काही नाही." माझ्याबद्दल काय म्हणते ते मी कधी विचारलं नाही. पुढाऱ्यांच्या हारात कालची फुलं घालायची, हा तिचा नियम होता. "तो गळ्यात ठेवते कुठं? घातला की काढला. ताजी फुलं नवरदेवाले. त्याले घाम येते, भेव वाटते, फुलांनी तं साथ द्यावी."

तिच्या गल्लीसमोर चौक आणि चौकापलीकडे रंगरेजांची गल्ली. त्या गल्लीतल्या नवरदेवांचे सेहरे आत्याच गुंफायची. रशीदभाईंचा सेहराही तिचाच. रशीदभाई लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. गोपालच्या लग्नात घोडी चौकातच अडली, काही केल्या पुढे जाईना, तेव्हा बाकीचा बँड थकून थांबला तरी रशीदभाई एकटेच घोडीच्या कानाशी उभं राहून वाजवत राहिले. शेवटी घोडी चालायला लागली. आत्या ती गोष्ट सांगताना घोडीची मानही करून दाखवायची.

आणखी एक. भुलाबाईच्या दिवसांत आत्यासमोर कुणाचा निभाव लागत नसे. बाहेरच्यांसाठी सांगते, भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या वऱ्हाडात मुली संध्याकाळी भुलाबाईची गाणी म्हणतात. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती झेलायची. गाणी संपली की घरची बाई झाकलेला डबा आणते, तो हलवायचा आणि आत काय खाऊ आहे ते ओळखायचं. ओळखल्याशिवाय डबा उघडत नाही आणि मुली उठत नाहीत. आत्या डबा कानाशी धरून एकदाच हलवायची. "मुरमुरे. शेंगदाणे हायेत, पण कमी हायेत." घरची बाई ओशाळायची.

आता ती दगडफेक. कारण विचारू नका. कुणाच्या तरी फोनवर कुणीतरी काहीतरी पाठवलं आणि ज्यांनी ते पाहिलंही नव्हतं ते जास्त चिडले. दिवेलागणीला चौकात दोन्हीकडून दगड सुरू झाले. रशीदभाई बँडचा लाल कोट घालून, क्लॅरिनेटची पेटी बगलेत घेऊन एका वरातीला निघाले होते. त्यांचं या भांडणाशी काही घेणं नव्हतं. एक वीट त्यांच्या तोंडावर बसली. जबडा मोडला आणि पुढचे दात गेले. क्लॅरिनेट पुढच्या दातांवर टेकवून वाजवतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता अमरावती-अकोल्यातल्या आमच्या सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी चौकात विटा पडलेल्या होत्या. त्यांची एक कड पांढरी होती. आत्या मळ्यातल्या वाफ्यांच्या कडेला विटा तिरक्या रोवून त्यांना दरवर्षी चुना लावायची. त्या साली वाफे मोडले, तेव्हा त्या विटा तिने गच्चीवर रचून ठेवल्या होत्या. गल्लीत दुसऱ्या कुणाच्या विटांना चुना नव्हता. सगळ्यांनी ओळखल्या, आणि सगळ्यांनी ओळखल्या नाहीत असं ठरवलं. गोपाल त्याच रात्री बायकोला घेऊन अमरावतीला सासरी निघून गेला होता. आमच्या घरच्या मोठ्यांनी त्यालाही शहाणपणाच म्हटलं.

पोलीस आले, तेव्हा आत्या ओट्यावरून उतरून म्हणाली, "साहेब, ह्या विटा माह्या घरच्या होत."

"फेकल्या कोणी?"

"मी घरात होती. पाहिलं नाही. पण गच्चीवर गोपालच होता."

माझे काका मागून तिचा पदर ओढत होते. ते म्हणाले, "साहेब, आमची बहीण घाबरून गेली हाय, काहीबी बोलून राहिली." आत्या म्हणाली, "भेली नाही मी. लाज वाटून राहिली." साहेबांनी लिहून घेतलं की नाही, देव जाणे. पुढे काही झालं नाही. आमच्या घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, मीही टाकला, आणि आत्या मात्र त्या दिवसापासून लाजेला घट्ट धरून बसली. बसली म्हणणं चूक आहे. ती उठली.

रशीदभाई दवाखान्यातून घरी आल्याचं कळलं, तेव्हा तिने एक चूक केली. फुलांच्या घरात जन्म गेलेल्या बाईच्याच हातून व्हावी अशी. तिला शब्दांत काही सांगता येत नव्हतं, म्हणून तिने हार केला. मळ्यातले त्या दिवसाचे सगळे गुलाब तोडून, मध्ये मोगरा घालून, मनगटाएवढा जाड. त्यांच्या सेहऱ्यात हीच फुलं होती, एवढंच तिच्या डोक्यात होतं. हार घेऊन ती स्वतः चौक ओलांडून गेली. रशीदभाई खाटेवर पडलेले, जबड्याला पट्टी, अंगावर पांढरी चादर. दारात त्यांची बायको जुबेदाभाभी. तिने हार पाहिला, खाटेकडे पाहिलं आणि म्हणाली, "कब्र पे डालते ऐसे फूल. अभी जिंदा है वो. ले जाओ."

आत्या हार परत घेऊन आली. तो कुठे टाकायचा ते तिला कळेना. देवाला वाहवेना, विकवेना. परडीत तसाच ठेवला आणि वाळेपर्यंत समोर ठेवला. मला म्हणाली, "चाळीस वर्सं हार करून राहिली वं नंदे, अन् कोनाले काय न्यावं ते समजलं नाही."

मी म्हटलं, "जाऊ दे आत्या, विसरून जा."

"मी इसरीन. त्याचे दात इसरतीन का?"

मग तिने ठरवलं, की गोपाल त्या दारात उभा राहिला पाहिजे. ती नाही, गोपाल. त्याने जाऊन तोंड दाखवावं आणि रशीदभाईंनी शिव्या दिल्या तर त्या ऐकून घ्याव्या. तोवर आपल्या दारात यायचं नाही, असं तिने त्याला फोनवर सांगितलं. पण जाणार कसा? मधल्या काळात दोन्ही गल्ल्यांनी चौकात पत्रे ठोकले होते, माणसापेक्षा उंच. दोन्ही गल्ल्यांचं एकमत झालेलं ते बहुधा पहिलंच काम. दिवस मावळला की दुकानांची शटरं खाली. पोरींच्या शिकवण्या बंद. जिथे पूर्वी बटाटेवड्याची गाडी लागायची तिथे कुत्री झोपायची. जुबेदाभाभी भाजी घ्यायला जठारपेठेत जायची, पण आत्याची टोपली टाळून, लांबच्या बाजूने.

भादव्याची पुनव आली. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, यंदा भुलाबाई आपापल्या घरात. आत्याने मातीची भुलाबाई-भुलोजी उचलली, ज्वारीच्या धांड्यांचा मांडव घेतला आणि सगळं चौकात पत्र्यासमोर मांडलं. आणि एकटीच गायला बसली. तिचा आवाज, खरं सांगते, गाण्याचा नव्हता. सुतळी ओढल्यासारखा होता. तिने ओळ म्हटली. झेलायला कुणी नाही. तिने झेलणाऱ्यांसाठी जेवढा वेळ सोडायचा तेवढा सोडला आणि पुढची ओळ म्हटली. असं तीन संध्याकाळ चाललं. लोक खिडक्यांतून पाहायचे. काकांचा अमरावतीला मला फोन, "नंदा, तू समजाव. गल्लीत हसं होऊन राहिलं."

मी समजावायला गेले. चौथी संध्याकाळ. मी तिच्याशेजारी उभी, पदर तोंडाला लावून, कुणी ओळखीचं पाहत नाही ना याची खात्री करत. आत्याने ओळ म्हटली आणि थांबली. आणि पत्र्याच्या पलीकडून दोन-तीन बारीक आवाजांनी ती झेलली. रंगरेज गल्लीच्या पोरी. लहानपणापासून आत्याच्या ओट्यावर खाऊसाठी येणाऱ्या, त्यांना सगळी गाणी पाठ. दुसरी ओळ आत्याने जरा मोठ्याने म्हटली.

कोजागिरीपर्यंत पत्र्याचा एक खिळा कुणीतरी सैल केला होता, पोरी वाकून येतील एवढा. आत्याचं तिकडे लक्षच गेलं नाही. खिळा उपटायची पक्कड तिच्याच टोपलीत होती, हा योगायोग.

पुढच्या वर्षी शेवटच्या तीन संध्याकाळी त्याला कार्यक्रमाची जोड मिळाली. भुलाबाईची गाणी झाली की एक दिवस भजन, एक दिवस कव्वाली, शाळेतल्या पोरांच्या नकला. नाव कुणी दिलंच नाही. कव्वाल पार्टीचे लोकही सांगायचे, "भुलाबाई में गाने जा रहे." पत्र्यांवर पोरांना रंग दिले. एका पोराने आपल्या बाजूने आगगाडीचे डबे काढले आणि इंजिन पलीकडच्या बाजूने. इंजिन पाहायचं तर खिळ्यापाशी वाकून पलीकडे जावं लागे. मोठी माणसंही वाकून जायला लागली. काही जण पलीकडे गेले ते चहा पिऊनच परतले.

निवेदन माझ्याकडे आलं. आमच्या कॉलनीच्या गणपतीत मी निवेदन करते, आणि मला ते फार चांगलं येतं असा माझा समज होता. मी वहीत लिहून नेलं होतं, सलोख्याच्या सप्तरंगी सांजवेळी वगैरे. पहिल्याच वाक्याला आत्या खालून म्हणाली, "नंदे, ते मागून सांगजो. पयले सतरंज्या कोनाकडं हायेत ते इचार." सगळा चौक हसला. त्या चौकात कितीतरी दिवसांनी माणसं एकत्र हसली ती माझ्यावर, एवढं श्रेय मी घेते.

सुरुवात मात्र तिची. ती माइक धरायची, दोन्ही हातांनी, कणीस धरल्यासारखा, आणि म्हणायची, "ज्या विटांनं रशीदभाऊचे दात गेले त्या माह्या घरच्या होत्या. आता गाणं आयका." आणि खाली उतरून पार मागे, चपलांच्या ढिगाजवळ जाऊन बसायची. सत्काराला कधी वर आली नाही. गल्लीतले एक गुरुजी तिला म्हणाले, "काकू, कार्यक्रम चांगला आहे, तेवढं वाक्य सोडा. आपल्या गल्लीची मान खाली जाते."

"जाऊ द्या ना गुरुजी. जराशी जाऊ द्या. तेवढंच तं सांगायचं हाय. बाकीचा कार्यक्रम त्याच्यासाठी हाय."

"पण दर वर्षी काय?"

"माह्या पोराले एक दिवस त्या घरी जायचं हाय. रस्ता तं चालू ठेवा लागंल का नाही?"

रशीदभाई मात्र येत नव्हते. त्यांच्या घरातून कुणीच येत नव्हतं. आणि गोपालही येत नव्हता. तो अमरावतीत सासऱ्याच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसायचा. मी जाता-येता भेटायचे. तो आईबद्दल एक शब्द विचारत नसे. एकदा मी दुकानात असताना रस्त्यावरून वरात आली. बँड अजून लांब होता. गोपालने हातातली तार ठेवली, आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. वरात पुढच्या चौकात वळेपर्यंत बाहेर आला नाही. त्याचा सासरा मला म्हणाला, "लग्नसराईत असंच हाय याचं. गिऱ्हाईक उभं राहते." मला वाटलं होतं लाज फक्त आत्याला वाटते. आमच्या सगळ्यांच्या वाटचं ती एकटीच बोलत होती, एवढाच फरक.

तिसऱ्या वर्षी मेळघाटातल्या धारणीकडची एक नाचणारी मंडळी आली, जीप भरून. त्यांची रांग चौकात मावेना. पोरांनी पत्रे काढले, फक्त त्या संध्याकाळपुरते. सकाळी ते परत ठोकायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. आगगाडीचा पत्रा एकाने शेळ्यांच्या गोठ्याला लावला. शेळ्या इंजिनाखाली बसतात.

त्याच्या दुसऱ्या दिवशी शेवटची भुलाबाई. गाणी संपत आली होती. आणि मोकळ्या झालेल्या चौकातून जुबेदाभाभी सरळ चालत आली. हातात झाकलेला स्टीलचा डबा. आत्या नेहमीप्रमाणे चपलांजवळ. भाभी तिच्यासमोर उकिडवी बसली, डबा पुढे ठेवला आणि म्हणाली, "पहचानो."

आत्याने हात पदराला पुसले, डबा कानाशी धरला, हलवला. मी तिच्याजवळच उभी होते. तिला ओळखता आलं हे मला तिच्या नाकपुड्यांवरून कळलं. तूप आणि वेलदोड्याचा वास तर मलाही आला होता.

आत्या म्हणाली, "करंज्या."

"नहीं."

"चिवडा."

"नहीं."

"मंग साबुदाणा असंल."

पोरी एकमेकींकडे पाहायला लागल्या. जी बाई शेंगदाणे कमी आहेत हे सांगायची, ती ओल्या खाऊला चिवडा म्हणत होती. ती एकेक नाव घेत गेली, लाडू, शेव, वड्या, ज्या पदार्थांचा त्या डब्याशी काही संबंध नव्हता असे सगळे. ओळखलं की डबा उघडणार, खाऊ वाटला जाणार आणि भाभी उठून जाणार. मला उशिराच कळलं. भाभीला बहुधा आधीच कळलं होतं, कारण ती आता मांडी घालून बसली होती.

पानटपरीच्या आडून आवाज आला. शब्दांत हवा शिरत होती, पण ऐकू स्पष्ट आला. "अरे कुसुमबाई, सेवई है. नाक कू क्या हो गया तुम्हारी?"

रशीदभाई होते. कधी येऊन उभे राहिले कुणाला माहीत. आत्याने डबा खाली ठेवला. त्यांच्याकडे पाहिलं नाही. डब्याकडे पाहूनच म्हणाली, "विटा माह्या घरच्या होत्या, भाऊ."

"मालूम है. हर साल माइक पे बोलती ना तुम. घर में बैठ के सुनता मैं." ते पुढे आले नाहीत. "माफी-बिफी मत मांगो. वो मेरे से होती नहीं."

"नाही मांगत."

"सेवई खाओ. ठंडी हो रही."

आत्याने खाल्ल्या. मान वर न करता, घास घास, आपल्या वाटणीच्या पूर्ण.

रात्री काकांकडे जाऊन मी गोपालला फोन लावला. म्हटलं, रशीदभाई चौकात आले होते. त्याने विचारलं, "काय बोलले?"

"शेवया आहेत म्हणाले."

"दात?"

"नवे बसवलेत. बोलताना हवा जाते जरा."

फोन बंद झाला.

दुसऱ्या सकाळी मी अमरावतीला परत निघाले. ऑटो चौकात उभा होता, माझी पिशवी आत टाकत होते, तेवढ्यात मूर्तिजापूरकडून आलेल्या बसमधून उतरलेला गोपाल चालत येताना दिसला. दाढी वाढलेली, हात रिकामे. आत्या ओट्यावर शेवंती निवडत होती. त्याने वाकून पाया पडायला हात पुढे केला, तर तिने पाय मागे घेतले.

"च्या पेशील?"

"हो."

"मंग येऊन पेजो. पयले तिकडं."

गोपाल ओट्याच्या पायरीशी उभा राहिला. चांगला पस्तिशी उलटलेला माणूस. त्याला चौक ओलांडता येईना. गल्लीत लोक दात घासत उभे होते आणि कुणीही त्याच्याकडे पाहत नव्हतं, इतकं ठरवून पाहत नव्हतं की ते पाहण्यापेक्षा वाईट. म्हणाला, "माय, काय बोलू मी?"

"मले काय माहीत? मले तीन वर्सांत नाही सुचलं."

तिने परडी बाजूला ठेवली. फुलं नेली नाहीत, या वेळी एकही नाही. अंगावर सांडलेल्या पाकळ्या झटकल्या, गोपालचं मनगट धरलं आणि चालायला लागली. शाळेत नाव घालायला नेताना धरलं असेल तसं. तिची उंची त्याच्या खांद्याइतकीही नव्हती. पत्र्यांसाठी रोवलेल्या बल्ल्यांचे खड्डे अजून बुजलेले नव्हते. तिथे तो थांबला. तीही थांबली, ओढलं नाही. वाट पाहिली. मग तोच आधी निघाला.

ऑटोवाला म्हणाला, "ताई, गाडी सुटंल." मी बसले. आत्या पुढे बरीच वर्षं होती, आणखी भुलाबाया केल्या, माझ्या नातवाच्या बारशाला येऊन पुन्हा विटांचं सांगितलं, आणि या वेळी मी पंख्याकडे पाहिलं नाही. पण डोळे मिटले की मला ती ऑटोच्या मागच्या फटीतूनच दिसते. रंगरेज गल्लीचं ते हिरवं दार, दारावर अजून न वाजवलेली कडी, मान खाली घातलेला गोपाल, आणि त्याच्या मागे एक पाऊल सरकून, त्याचं मनगट सोडून, रिकामे हात कुठे ठेवावेत हे न कळून उभी असलेली आमची आत्या.